पाचशे चाळीस मोसंबी

चौथीतल्या पोरीला शिकवणी लावावी लागते ही शरमेची गोष्ट आहे, आणि ती शरम पोरीला नाही, आपल्याला वाटली पाहिजे. हे वाक्य मी पत्रकात छापलेलं आहे, चौकातल्या सभेत माइकवर म्हटलेलं आहे आणि त्यातला एक शब्दही मागं घ्यायची माझी आज तयारी नाही. तरी गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मीच माझ्या भाचीसाठी गणिताची शिकवणी शोधत शहरभर हिंडत होते. तसं का झालं ते सांगते.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. तिला पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा घरात चांगलंच वाजलं होतं. दादाला इंग्लिश शाळा पाहिजे होती. मी म्हटलं, सरकारी शाळा आपली आहे. आपणच तिथं पोरं घातली नाहीत तर तिला कुलूप लावायला लोक टपलेलेच आहेत. वहिनी माझ्या बाजूनं आली. तिचं कारण तत्त्वाचं नव्हतं, शाळा गल्लीच्या टोकाला होती एवढंच. दादा हरला, पण विसरला नाही.

शाळा चांगली होती आणि आहे. गुरुजीही चांगले. पण त्यांना वर्गात टिकू देतील तर ना! आज मतदारयाद्या, उद्या सर्वेक्षण, परवा कसली तरी माहिती ऑनलाइन भरायची. पोरं भागाकारात शिरली आणि नेमकं तेव्हाच गुरुजींना घरोघरी फिरून कोणाकडं काय आहे ते विचारायला धाडलं. ते परत आले तोवर पुस्तक पुढच्या धड्यावर गेलेलं. कोणाच्या घरात फ्रिज आहे याची सरकारला खबर लागली, पण त्या घरातल्या पोराला भागाकार येतो का, हे कोणी विचारलं नाही.

भाचीचा भागाकार असा होता की बाकी सगळं बरोबर करायची आणि मधलं शून्य गिळायची. चारशे वीसला चारनं भागून उत्तर पंधरा. चाचणीच्या पेपरात असली उत्तरं रांगेनं उभी होती आणि प्रत्येकावर लाल फुली.

दादा चितेगावच्या एका कंपनीत कामाला आहे. शिफ्टवरून आला, पेपर बघितला, डबा ओट्यावर आपटला.

"घे. ही तुझी आपली शाळा."

"शाळेला काय बोलतोस? गुरुजींना सर्वेक्षणाला धाडणाऱ्यांना बोल."

"त्यांला बोलाया तू हायस की. मी माझ्या पोरीचं बघतो. सहामाहीत भागाकार आला नाय, तर दिवाळीनंतर ती इंग्लिश शाळेत. मी इचारून आलोय. मधी बी घेतेत ते."

"मला नाय जायचं!" भाची आतल्या खोलीतून ओरडली.

"का गं?"

"तिथं मैदान नाय. नुस्तं पार्किंग हाय."

खरं होतं ते. भाची शाळेच्या खो-खोच्या संघात होती. पाठीवर थाप पडली की अशी उठायची की समोरच्याला वळायलाही फुरसत मिळत नसे. ती शाळा गेली तर खो-खो गेला, मैत्रिणी गेल्या, सगळंच गेलं. त्या रात्री ती जेवली, पण पाणी वाढायला उठली नाही. एरवी ते काम तिचं.

मी सरकारी धोरणावर बोलायला लागले तशी वहिनी म्हणाली, "ताई, भाषण नंतर. आधी कोणी शिकवणारं बघा."

पहिल्यांदा मीच बसले शिकवायला. माझं गणित बरं आहे, पण मला हळू आवाजात काही सांगता येत नाही. थोड्या वेळानं भाचीनं पेन्सिल खाली ठेवली. "आत्या, तू शिकवायलीस का भांडायलीस?"

मग आम्ही दोघी एका मोठ्या क्लासमध्ये गेलो. काचेचं दार, आत गारेगार, भिंतीवर हसणाऱ्या टॉपरांचे फोटो. टेबलामागच्या बाईनं भाचीला एक गणित घातलं, उत्तर बघितलं आणि तिच्या तोंडावर मला सांगितलं, "हिचा बेस कच्चा आहे. आत्तापासून फाउंडेशन घेतलं नाही तर मुलगी स्पर्धेच्या बाहेर जाईल."

"नऊ वर्षांची आहे ती," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणते, उशीर झालाय."

बाहेर आल्यावर भाचीनं विचारलं, "आत्या, बेस कच्चा म्हंजे काय?"

"म्हणजे फी जास्त."

दुसरा एक तरुण मास्तर घरीच यायला लागला. गणितं सगळी बरोबर यायची, अक्षर तर मोत्यासारखं. मला शंका आली म्हणून एकदा दारातून डोकावले. लिहीत तो होता. भाची बिस्किटं खात त्याच्या अक्षराकडं कौतुकानं बघत होती. तोही बंद झाला.

सहामाही जवळ येत होती. दादा काही बोलत नव्हता, आणि दादा बोलत नाही तेव्हा त्यानं ठरवलेलं असतं. शेवटी मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं.

आमच्या वसाहतीतल्या संघटनेचं हे असंच आहे. नळाला पाणी नाही, पत्रक. रस्त्यावर दिवे नाहीत, पत्रक. मग मास्तर नाही, तर पत्रक का नको? मजकूर मी एका बैठकीत लिहिला: "गणिताची भीती विकणाऱ्यांचा धिक्कार असो! चौथीच्या लेकरांना कच्चं ठरवून आईबापांना घाबरवणारे सर्व शिकवणीवाले लेकरांच्या भीतीवर जगतात. लेकराला न रडवता भागाकार शिकवील असा प्रामाणिक शिक्षक आमच्या वसाहतीला पाहिजे आहे. रविवारी सकाळी दहा वाजता विहाराच्या सभागृहात भेटावे." आमच्या घरात चार माणसं बसवायला जागा नाही, म्हणून सभागृह. मुलाखती घ्यायच्या, एक निवडायचा, असा साधा बेत होता.

आमची पत्रकं शहागंजातल्या एका छापखान्यात छापतात. तिथल्या काकांकडं आमच्या पत्रकाचा साचा कायमचा ठेवलेला आहे. वरची ओळ आणि खालची ओळ ठरलेली, फक्त मधला मजकूर बदलायचा.

"नेहमीसारखं?" काकांनी विचारलं.

"नेहमीसारखं," मी म्हटलं आणि कच्ची प्रत तपासली. फक्त मधला मजकूर तपासला, कारण इतक्या वर्षांत चुका तिथंच निघायच्या.

वरची ओळ होती: "आता गप्प बसायचं नाही!" खालची ओळ होती: "तरी सर्वांनी सहकुटुंब, बहुसंख्येने उपस्थित राहावे."

राहिले ना लोक. आमच्या वसाहतीत पत्रकाचा मान ठेवतात. रविवारी वंदना आटोपली, सभागृह रिकामं व्हायच्या ऐवजी भरायला लागलं. बाया पोरांना घेऊन आल्या, पोरं दप्तरं घेऊन आली. ज्यांना पोरंच नाहीत तेही आले. सतरंज्या संपल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मला जवळ बोलावून विचारलं, "पोरी, मोर्चा इथूनच निघणार का आधी कुठं जमायचं?"

"मोर्चा नाही, आजोबा. शिकवणीचा मास्तर निवडायचाय."

"मग घेराव कोणाला घालायचा?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. "ताई, एक मास्तर मागितला आन् सगळी वसाहत बोलावली."

मास्तर मात्र एकही नव्हता. ते पत्रक वाचून कोण येणार होता म्हणा! भाची पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत खो-खोचं सगळं मैदान होतं. घड्याळ पुढं सरकत होतं.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आल्या. साठीच्या पुढच्या, अंगावर करडा ड्रेस, ओढणी डोक्यावरून नीट घेतलेली, काखेत पर्स, हातात आमचं पत्रक चार घड्या घातलेलं. वाट काढत सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ये किसने लिखा?"

मी हात वर केला.

"बेटी, मी उर्दू शाळेत आख्खी नोकरी गणित शिकवलं. रिटायर झाले तवापासून घरी शिकवते. इथं लिहिलंय, सर्व शिकवणीवाले लेकरांच्या भीतीवर जगतात. सर्व?"

"तुमच्याबद्दल नाही लिहिलं ते."

"सर्व में मैं नहीं आती क्या?"

मागच्या रांगा पुढं सरकल्या. लोकांना मोर्चा मिळाला नव्हता, पण हे त्याहून बरं चाललं होतं.

"हे बघा मॅडम," मी म्हटलं, "पत्रकात 'काही' लिहून चालत नाही. 'काही'साठी कोणी घरातून उठत नाही."

"हौ, बरोबर. पण 'सर्व' लिहायचं तर एकेक तपासावा लागतो. एक बी वेगळा निघाला की वाक्य खोटं. मैं निकली. अब?"

टाळी वाजली. वहिनीनं वाजवली होती.

बाईंनी विजय मिळवल्यासारखं मागं वळून पाहिलं आणि तेव्हा कुठं त्यांना पोरं दिसली.

"ये इतने बच्चे कायकू बैठे?"

"भागाकार शिकाया," आजोबा म्हणाले.

"शिकवतंय कोण?"

बाईंनी पत्रकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पर्स माझ्या हातात दिली. "म्हणजे सभा हाय, बोलणारा नाय. खडू द्या."

सभागृहात सूचना लिहायचा फळा होता. त्यावरची श्रमदानाची सूचना रुमालानं पुसून त्यांनी लिहिलं, सहाशे बारा भागिले सहा.

"पाचोडच्या बाजारातून सहाशे बारा मोसंबी आणली. सहा टोपल्यांत सारखी सारखी भरायची. बघा. सहा एके सहा, लिहिला एक. मग हा एक, सहानं भाग जात नाय, सोडा. दोन खाली घेतले, झाले बारा. सहा दुणे बारा, लिहिले दोन. उत्तर बारा. एका टोपलीत बारा मोसंबी. झालं. उतरवून घ्या."

सगळी पोरं मान खाली घालून उतरवून घ्यायला लागली. आया खूश झाल्या. मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की ते मी परत मिटलं.

भाची लिहीत नव्हती. फळ्याकडं बघत होती, कपाळाला आठी. मग हात वर न करताच उभी राहिली.

"टोपली केवढी हाय?"

"मोठी हाय. तू बसशील एवढी."

"मग बाराच का भरली?"

"उत्तर बारा आलं ना. गणित हाय ते."

भाचीनं तळहातावर बोटानं काहीतरी लिहिलं. "बारा सक बाहत्तर. सगळ्या टोपल्या मिळून बाहत्तरच मोसंबी. तुम्ही तर सहाशे बारा आणली व्हती."

"हौ, आणली व्हती."

"मग बाकीची?"

"मला काय म्हाईत?"

"तुम्हाला म्हाईत नाय तर कोणाला म्हाईत?" तिचा आवाज चढला. तो आवाज मी ओळखला. पाण्याच्या टाकीखाली अधिकाऱ्यासमोर माझा चढतो, तसाच. "पाचशे चाळीस मोसंबी गायब हायत! कुणी खाल्ली?"

"घोटाळा!" आजोबा ओरडले.

मग कोणाला धरबंध राहिला नाही. पोरं उठून उभी राहिली. चोर कोण, चोर कोण! आता गप्प बसायचं नाही, हे पत्रकाच्या वरच छापलेलं होतं. मागं कोणीतरी खरोखरच खालच्या आवाजात विचारत होतं की पाचोडच्या बाजार समितीत काय झालं.

बाई मात्र मजेत उभ्या होत्या. "चोर बाहेर गेला नाय. ह्या फळ्यावरच हाय. पकड." त्यांनी खडू भाचीपुढं धरला.

भाची पुढं गेली. ती, जी वर्गात भागाकाराचा तास आला की पाणी प्यायला जायची. फळ्यावर बोट ठेवून बोलायला लागली. "हे सहा म्हंजे सहाशे. सहा टोपल्यांत वाटले, एकेकीला शंभर आले. म्हंजे हा एक म्हंजे शंभर."

"पुढं?"

"मग हा एक म्हंजे दहा. दहाचा एकच गठ्ठा हाय, सहा टोपल्यांला कसा द्यायचा? कोणालाच नाय दिला."

"नाय दिला तर काय लिहायचं?"

"काहीच नाय." एवढं म्हणून ती थांबली. फळ्याकडं बघत राहिली. "नाय नाय. काहीच नाय लिहिलं तर तो शंभरातला एक सरकून दहाच्या जागेवर येतो. शंभराचे दहाच होतेत. तिथं शून्य पाहिजे. एकशे दोन."

तिनं एक आणि दोनच्या मधोमध एवढं मोठं शून्य काढलं की फळा अर्धा भरला.

"यही चोर था," बाई म्हणाल्या. "हा जागेवर नसला की मोसंबी जातेत."

मी उगाच भावुक होणारी बाई नाही. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि तिचा मला अजून राग येतो. ही पोरगी कच्ची नव्हती. तिला सगळ्यांनी मान खाली घालून उत्तर द्यायला सांगितलं होतं. वर मान करून जाब विचारायला कोणी सांगितलंच नव्हतं. फळ्यावरचं खरंच धरायचं, उतरवून घ्यायचं, हे आपण चौथीपासून शिकवतो आणि मग मोठी माणसं प्रश्न विचारत नाहीत म्हणून माझ्यासारख्यांना पत्रकं काढावी लागतात.

लोक पांगल्यावर मी बाईंची पर्स परत दिली आणि फीचा विषय काढला. म्हटलं, फुकट शिकवू नका, कष्टाचा मोबदला घेतलाच पाहिजे.

"फुकट कोण शिकवतंय?" त्या म्हणाल्या. "पण एका पोरीला नाय शिकवणार. ही सगळी येऊ देत. एकटं पोर चूक पकडायला घाबरतं. आन् दुसरी अट. पुढच्या पत्रकात ते 'सर्व' काढायचं."

"'बहुतेक' लिहिते."

"बहुतेक लिहायला बी मोजावं लागतं."

"मग 'कित्येक'?"

त्यांनी विचार केला. "कित्येक चलेगा. कित्येक को कोई नहीं गिनता."

तेव्हापासून बाईंचा वर्ग सभागृहात भरायला लागला. पोरं त्यांना आपा म्हणत, म्हणजे थोरली बहीण. रोज एक गणित त्या मुद्दाम चुकवायच्या, कुठलं ते सांगायच्या नाहीत, आणि पोरं दबा धरून बसायची. कधीकधी बरोबर गणितावरही आरडाओरडा व्हायचा. मग आरडाओरडा करणाऱ्यालाच ते सोडवून दाखवावं लागायचं.

घरात मात्र अवघड झालं. भाची दुकानदाराची बेरीज तपासायला लागली, वहिनीच्या कुकरच्या शिट्ट्या तपासायला लागली. एकदा माझं पत्रक घेऊन आली. "आत्या, इथं लिहिलंय, हजारोंच्या संख्येने सामील व्हा. हजारो म्हंजे कमीत कमी दोन हजार. चौकात मावतेत का?"

"जा, खेळायला जा," मी म्हटलं.

सहामाही झाली. ती काही पहिली आली नाही. लिटरचे मिलिलिटर करताना तिनं घोळ घातला आणि घड्याळाच्या गणितातही. पण भागाकार सगळे बरोबर होते, शून्यासकट, आणि प्रत्येकाखाली तिनं कोपऱ्यात गुणून पाहिलेलं होतं. दादानं पेपर उलटसुलट करून बघितला, घडी घातली, खिशात ठेवला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. दिवाळीची सुट्टी लागली. इंग्लिश शाळेचं नाव त्यानं काढलं नाही, पण सोडलंही नव्हतं. भाची रोज संध्याकाळी मैदानावरून आली की आधी त्याच्या तोंडाकडं बघायची.

दिवाळीच्या आधी दादाच्या कंपनीतल्या पाचोडच्या मित्रानं त्याला गोणीभर मोसंबी दिली. दादानं ती पाठीवरून आणून घराच्या मधोमध ओतली. पिवळीहिरवी मोसंबी पार चुलीच्या ओट्यापर्यंत घरंगळत गेली.

"शहाण्णव हायत," तो भाचीला म्हणाला. "तुमच्या संघात बारा पोरी. सारखी वाट."

भाची खाली बसली. वाटायच्या आधीच म्हणाली, "आठ आठ," आणि ढीग लावायला लागली. आम्ही तिघंही बघत उभे. आठाचे ढीग होत गेले, आणि शेवटचा सहावरच थांबला. तिनं ओट्याखाली बघितलं, गोणी झटकली, सगळे ढीग परत मोजले.

"पप्पा, शहाण्णव नायत. चौऱ्याण्णव हायत."

"नीट मोज."

"दोनदा मोजली. दोन कमी हायत." ती उठली आणि कमरेवर हात ठेवून बापासमोर उभी राहिली. "कुणी खाल्ली?"

दादानं हनुवटी खाजवली. वहिनी त्याच्या जवळ गेली, वास घेतला आणि तोंड फिरवून हसायला लागली.

"बसमधी लई तहान लागली व्हती," दादा म्हणाला. मग त्यालाही हसू आवरेना. हसता हसता तो भिंतीला टेकून खाली बसला. "हिला त्या इंग्लिश शाळेत घातली ना, तर पहिल्याच दिवशी त्यांच्याकडं हिशोब मागंल. रोज मलाच बोलावून घेतील. मी कामावर जाऊ का तिथं? राहू दे. राहू दे इथंच."

मी तोंड उघडलं. घोषणा अगदी ओठावर आली होती.

"ताई," वहिनी म्हणाली, "भाषण नंतर."

भाची तोवर मोसंबी परत गोणीत भरत होती. मैदानावर पोरी वाट बघत होत्या. तिला गोणी एकटीला उचलेना, म्हणून मी दुसरं टोक धरलं. उंबऱ्यावर ती थांबली आणि मागं वळून बापाला म्हणाली,

"पप्पा, दोन उद्या आणा."